बुडबुड्यांपासून सुरुवात : आमची वाटचाल

फिल्टर-रूमशेजारच्या आमच्या छोट्या ऑफिसात भिंतीवर पांगाऱ्याच्या लाकडांचा बिंडा टांगलेला आहे. नवे पालक विचारतात, हे काय? जुन्या कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. विहिरीवर पोरं हाच पाठीला बांधून पोहायला शिकायची. कुणाला वाळका भोपळा, कुणाला तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा.

हा बिंडा तात्यांचा. पोहण्याचा क्लास काढला तेव्हा पैसे मी घातले, शिकवण्याची नजर त्यांची होती. दर दोन दिवसांनी ते बिंड्यातलं एक लाकूड गुपचूप काढून घ्यायचे. शेवटी पोराच्या पाठीवर नुसती दोरी उरायची आणि पोरगं पोहत असायचं. पुढे मी हातात धरायचे तरंगते किकबोर्ड आणले, मांड्यांत धरायचे पुल बॉय आणले, पण नियम तात्यांचाच राहिला: आधार द्यायचा तो काढून घेण्यासाठी.

आमच्याच गावच्या वीरधवल खाडेनं २००८ ची बीजिंग ऑलिंपिक गाठली, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य आणलं. तेव्हापासून प्रत्येक पालकाला मुलगा थेट बटरफ्लाय करायला हवा असतो. आमच्याकडे मात्र पहिले पाच दिवस हात मारायला मिळत नाहीत. तोंड पाण्यात, श्वास पाण्यातच सोडायचा, बुडबुडे काढायचे. मग गुडघे पोटाशी घेऊन कासव. मग भिंतीला पाय लावून बाण. मुलाला धाप लागते ती हवा कमी पडल्यामुळे नव्हे, आतली बाहेर न सोडल्यामुळे. हे एकदा छातीला कळलं की अर्धं पोहणं आलं.

मधली वर्षं बरी गेली. मग २०१६ चा उन्हाळा आला.

ज्या पोराला आम्ही शिट्टी कशी धरायची इथपासून शिकवलं, तोच आमच्या रजिस्टरमधले फोन नंबर उतरवून घेऊन गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला बोर्ड लागला: दहा दिवसांत हमखास पोहायला शिका. दंडाला हवेचे फुगे बांधायचे, पहिल्याच दिवशी हात मारायला लावायचे, आईबापांनी काठावरून व्हिडिओ काढायचे. आदल्या मेमध्ये आमच्याकडे नव्वद मुलं होती. त्या मेमध्ये चौदा. तलावाचं भाडं मुलं मोजून ठरत नाही. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मीही दहा दिवसांचा बोर्ड रंगवायला टाकणार होतो. तात्या एवढंच म्हणाले, "बोर्डावर माझं नाव घालू नकोस." बोर्ड रंगवला नाही.

तगलो ते बँकेतल्या वहिनींमुळे. चौपन्नाव्या वर्षी शिकायला आल्या, पहिला आठवडा पायरीवरून उतरल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी पुढच्या बारा महिन्यांची फी एकदम भरली आणि बँकेतल्या चार जणींना घेऊन आल्या. मे-जूनचं भाडं त्यातून गेलं. हे मी विसरलेलो नाही आणि तो बोर्डही विसरलेलो नाही.

दिवाळीनंतर तीच मुलं परत येऊ लागली. फुगे काढले की पोर उभं राहायचं. मान वर, कंबर खाली, पाय सायकल चालवल्यासारखे. डोकं पाण्याबाहेर उचललं की त्याचं वजन पाय खाली ढकलतं, हे शिकवणाऱ्याला माहीत नको? अशा मुलाला नव्यानं शिकवण्यापेक्षा जुनं विसरायला लावणं अवघड. आम्ही त्यांना कुशीवर झोपवून, एक हात पुढे ठेवून फक्त पाय मारायला लावले. पाय कमरेतून, घोटा सैल. मग श्वास घेताना एक गॉगल पाण्यातच. मग एक हात पुढच्या हाताला येऊन टेकेपर्यंत दुसरा हलवायचा नाही. बहुतेकांना दोन महिने लागले. फी आम्ही नेहमीचीच घेतली.

प्रत्येकाची वही असते. २५ मीटरला किती हात लागले, एवढंच लिहायचं. वेळ नंतर. हात कमी झाले की वेग आपोआप येतो. उलटं केलं तर मूल नुसतं पाणी बडवतं. घरी शिकवणाऱ्यांनीही हे करून बघावं. आणि जेवल्याबरोबर मुलाला पाण्यात घालू नये, अंगाला तेल चोपडून तर मुळीच पाठवू नये, फिल्टरचे हाल आम्हाला निस्तरावे लागतात. सर्वांत महत्त्वाचं, आईवडिलांनी काठावर उभं राहून "हात मार, हात मार" ओरडू नये. मूल आवाजाकडे मान वळवतं आणि तिथंच बुडतं. म्हणून आमच्याकडे पालक गेटबाहेर बसतात.

या एप्रिलला वहिनी नातवाला घेऊन आल्या. त्यांच्या वहीत पहिली नोंद अडतीस हातांची, आता सव्वीस. मी त्यांनाही गेटबाहेरची खुर्ची दाखवली. त्या पर्स मांडीवर घेऊन तास संपेपर्यंत तिथं बसल्या, आणि आत नातू बुडबुडे काढत होता.