डॉक्साप्रामची बाटली नंतर, ऑक्सिजन आधी

आज कुत्रीच्या सिझेरियनला पुन्हा तोच प्रश्न आला: पिल्लू श्वास घेत नाहीये, डॉक्साप्राम (श्वासाला चालना देणारं औषध) देऊ का?

थांबा. नाकातोंडावरचा पडदा काढा, बल्ब सिरिंजने आधी तोंड आणि मग नाक साफ करा, कोरड्या उबदार टॉवेलने छाती-पाठ चोळा. पिल्लू हातात धरून झटकायची जुनी खोड मात्र सोडाच, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तरीही श्वास नाही? घट्ट बसणारा छोटा मास्क लावा, मान सरळ ठेवा आणि छाती जेमतेम उचलेल इतक्याच दाबाने ऑक्सिजन द्या. ठोके मंद असतात ते बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. तिथे अ‍ॅट्रोपिनचा (ठोके वाढवणारं औषध) फारसा उपयोग नाही. आईला ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक) दिलं असेल तर पिल्लाला त्याचा उतारा, नॅलोक्झोन, द्या.

डॉक्साप्राम 20 मिग्रॅ/मिली येतं, म्हणजे थेंबाला साधारण 1 मिग्रॅ. कुत्रीच्या पिल्लाला 1 ते 5 थेंब, मांजरीच्या पिल्लाला 1-2, जिभेखाली. पण ते मेंदूची ऑक्सिजनची गरज वाढवतं, आणि गुदमरलेला मेंदू त्याला दाद देत नाही. नेमकं जिथे ते हवंसं वाटतं, तिथेच ते लंगडं पडतं.

वाढ झालेल्या कुत्र्या-मांजरात प्रोपोफॉलनंतर (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) श्वास थांबला तर श्वासनलिकेत ट्यूब टाकून ऑक्सिजनची बॅग दाबा, भूल कमी करा. डॉक्साप्रामचा असर काही मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावतो. माझ्या मते त्याची खरी जागा स्वरयंत्राची हालचाल तपासताना आहे: 1 मिग्रॅ/किलो शिरेतून, ट्यूब हाताशी तयार ठेवूनच.