साक्याचा आंबा आणि इन्स्टाग्रामचे गिऱ्हाईक

2020च्या टाळेबंदीत ऐन हंगामात वाशीच्या बाजाराचे गणित विस्कटले, तेव्हा देवगड तालुक्यातील आमच्या कलमांचा हापूस थेट गिऱ्हाइकाला विकण्याचा विचार घरात प्रथमच झाला. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये भारतात इन्स्टाग्राम रील्स सुरू झाले; त्यामुळे पुढच्या हंगामापर्यंत जो भेटेल तो ‘रील्स करा’ एवढाच सल्ला देत होता.

आम्ही शहरातील एका एजन्सीकडे काम सोपवले. चालू गाणे, ड्रोनमधून दिसणारी बाग आणि ‘तीन मित्रांना टॅग करा, एक पेटी जिंका’ अशी स्पर्धा, हा त्यांचा ठरलेला साचा होता. फॉलोअर्स झपाट्याने वाढले, परंतु ती मंडळी फुकटच्या पेटीसाठी आलेली असल्याने डझनाचा भाव जाहीर होताच पेजवर शुकशुकाट झाला.

मे महिन्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने कापलेल्या आंब्याचा फोटो टाकून त्याखाली ‘फसवणूक’ असा एकच शब्द लिहिला. आंब्यात साका होता, म्हणजे आतला गर बिघडलेला होता. ‘ती कमेंट उडवून टाक,’ असे भावाने सांगितले. मी मात्र आमच्याच अढीतील, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेले, पाच-सहा आंबे कॅमेऱ्यासमोर कापले, त्यातील एकात निघालेला पांढरट, आंबूस गर दाखवला आणि हा दोष बाहेरून ओळखता येत नसल्यामुळे अशा फळाचा फोटो पाठवणाऱ्याला बदली आंबा देऊ, असे जाहीर केले. गाणे नाही, ड्रोन नाही, पाठीमागे कोंबड्यांचा आवाज.

लाइक्स बेताचेच मिळाले, पण लोकांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला आणि खाली प्रश्नांची रांग लागली. कर्नाटकचा आंबा देवगडचा म्हणून गळ्यात मारला तर तो ओळखायचा कसा, कच्ची पेटी आल्यावर पेंढ्यात किती दिवस ठेवायची, 2018 मध्ये हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा गिऱ्हाइकाला काय उपयोग, असे ते प्रश्न होते. अढीविषयीची उत्तरे आईने दिली, तीही मालवणीत. एजन्सीने सुचवलेल्या गुळगुळीत हिंदी निवेदनापेक्षा लोक तिच्या बोलण्यावर अधिक रेंगाळले.

या पद्धतीची किंमतही सांगितली पाहिजे. दिवसभर झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवून, प्रतवारी करून, पेट्या भरल्यावर रात्री दोन तास उत्तरे लिहिणे जिवावर येते आणि त्या मानाने गाण्यावरचा रील स्वस्तात होतो.

फॉलोअर्सच्या आकड्याकडे मी आता फारसे पाहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि ज्याने आपला नंबर जतन केला आहे, त्यालाच तो संदेश पोहोचतो. पहिल्या वर्षी एक यादीही भरली नव्हती. आता तिसरी भरत आली आहे. यंदा ढगाळ हवेने मोहोर करपल्याचे मी फेब्रुवारीतच व्हिडिओत दाखवले, तर त्या यादीतल्या अनेकांनी पेट्या उशिरा चालतील असे आपणहून कळवले. ‘फसवणूक’ लिहिणारे गृहस्थही त्यांत आहेत. त्यांना दोन पेट्या हव्या आहेत आणि बदली आंब्याची अट अजून लागू आहे ना, असे त्यांनी विचारून घेतले आहे.