लिथियमयुक्त अभ्रक ओळखताना

जांभळे अभ्रक दिसले की ते लेपिडोलाइटच, म्हणजे लिथियमयुक्त अभ्रकच, असे ठरवून मोकळे होण्याची सवय हौशी संग्राहकांत फार दिसते. प्रत्यक्षात ही गुलाबी-जांभळी छटा लिथियममुळे नव्हे, तर त्यातील अल्प मँगनीजमुळे येते. त्यामुळे लिथियम भरपूर असलेले लेपिडोलाइट करडे किंवा पांढरेही असू शकते आणि लिथियम नावापुरतेच असलेले मस्कोव्हाइट, म्हणजे नेहमीचे अभ्रक, चांगले गुलाबी दिसू शकते.

म्हणून अभ्रक हातात घेण्याआधी त्याची सोबत पाहावी, असे माझे मत आहे. लिथियम साध्या खनिजांत सहज सामावत नाही. ते शेवटी उरलेल्या शिलारसात साचत जाते, त्यामुळे पट्ट्यापट्ट्यांनी बनलेल्या पेग्मटाइटात (शेवटच्या शिलारसातून थिजलेल्या, मोठ्या स्फटिकांच्या खडकात) ते बहुधा गाभ्याच्या आसपास सापडते. झारखंडमधील कोडरमाच्या अभ्रक पट्ट्यात काळी तोरमल्ली (टूर्मलीन) आणि मस्कोव्हाइट मुबलक आहेत, पण तेवढ्यावरून आशा धरू नये. काळ्या तोरमल्लीची जागा गुलाबी-हिरवी तोरमल्ली घेऊ लागली, अल्बाइट या फेल्डस्पारच्या पांढऱ्या पातळ पाट्या दिसू लागल्या, किंवा छत्तीसगडमधील दक्षिण बस्तरप्रमाणे जवळपास कॅसिटेराइट हे कथिलाचे खनिज मिळू लागले, की मग खाली वाकून नीट पाहावे. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये हा शोध अर्थातच व्यर्थ आहे.

लेपिडोलाइट मोठ्या तावांत क्वचितच मिळते. बहुधा तो बारीक खवल्यांचा घट्ट गोळा असतो, फोडलेल्या बाजूवर साखरेसारखा चमचमतो आणि चाकूने सहज खरवडला जातो. सुटलेला खवला वाकवून सोडला की पुन्हा सरळ होतो; क्लोराइट या अभ्रकासारख्या दिसणाऱ्या हिरवट खनिजाचा वाकलेलाच राहतो. झिनवाल्डाइट हे दुसरे लिथियमयुक्त अभ्रक मात्र लोहामुळे करडे-तपकिरी असते आणि कृष्णाभ्रक समजून टाकून दिले जाते. चेक-जर्मन सीमेवरील सिनोव्हेक येथे ते ग्रायझेन या ग्रॅनाइट बदलून बनलेल्या खडकात कथिलाच्या खनिजासोबत आढळते.

खरा निवाडा ज्योत करते. चिमट्यात धरलेल्या पातळ खवल्याची कड गॅसच्या निळ्या ज्योतीत नेली की लेपिडोलाइट फुगते, लवकर वितळून फेसाळ काच बनते आणि ज्योतीला किरमिजी रंग देते. मस्कोव्हाइट सहजासहजी वितळत नाही. बोटांच्या घामातील सोडियममुळे आधी पिवळा रंग उसळतो, तो ओसरेपर्यंत थांबावे. या अभ्रकांत फ्लोरिन असल्याने हे काम उघड्यावर, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहून करावे.

मूलद्रव्ये ओळखणाऱ्या, हाती धरायच्या क्ष-किरण यंत्रावर विसंबू नये, कारण लिथियम इतके हलके असते की ते त्याला दिसतच नाही. रुबिडियम हे मूलद्रव्य मात्र दिसते, आणि पोटॅशियमच्या तुलनेत ते जितके वाढलेले, तितका पेग्मटाइट अधिक विकसित, म्हणजे शेवटी उरलेल्या शिलारसाच्या अधिक जवळचा, समजावा. जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन आणि किर्खोफ यांनी 1861 मध्ये रुबिडियम शोधले तेही लेपिडोलाइटातच.