पितळी स्टोव्ह, नोंद तिसरी: चिंच, फिरता डबा की लिंबूसत्त्व?

हा स्टोव्ह सांगलीवाडीच्या मामींचा. २०१९ च्या पुरात चार दिवस पाण्याखाली होता, तेव्हापासून कृष्णेच्या गाळासकट पोत्यात. "नेतोस तर ने, नाहीतर मोडीत घालते," म्हणाल्या. टाकीवर हिरवा-काळा थर, निपल (बर्नरमधली बारीक भोकाची तोटी) बंद, पंपाचा दांडा हलेना.

मामींचा सल्ला अर्थातच चिंच-मीठ. पहिल्या स्टोव्हला मी तेच केलं होतं. दहा मिनिटांत टाकी सोन्यासारखी, आणि आठ दिवसांत पंपाच्या आट्यांत पुन्हा हिरवं. आट्यांत अडकलेलं मीठ नीट धुतलं जात नाही आणि पावसाळ्यात ओल धरतं. देवाच्या समईला चालेल, आटे असलेल्या वस्तूला नको.

दुसऱ्यासाठी फिरता डबा केला. रायफल शूटिंगवाले झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी अशीच घासतात, त्यांचंच बघून. जुनी वायपर मोटर, रंगाचा प्लास्टिक डबा, आत दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुगा. बाहेरची झळाळी मान्य, पण बर्नरच्या नळ्यांत भुगा असा ठासून बसला की अख्खी संध्याकाळ दाभणाने उकरण्यात गेली. आतली काजळी जागच्या जागी. काडतुसाचं तोंड उघडं असतं, बर्नर म्हणजे गुंतवळ.

म्हणून यंदा लिंबूसत्त्व. एक लिटर कोमट पाण्यात तीन चमचे, वीस मिनिटं. काजळी त्याने सुटत नाही, म्हणून बर्नर आदल्या रात्री धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ठेवला होता. टाकी मस्त निघाली. मग हावरटपणा नडला: त्याच पाण्यात पंप टाकला, आतली लोखंडी स्प्रिंग न काढता. काढतो तर पंप गुलाबी! आधीच्या पितळेतून पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडाच्या संगतीने पितळेवर चढलं होतं. पितांबरी आणि जुन्या टूथब्रशने अर्धा तास घासलं तेव्हा पिवळा रंग दिसला. आता लोखंड आधी बाजूला, आणि प्रत्येक खेपेला नवं पाणी. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं, आणि ताबडतोब पुसून उन्हात.

अमोनिया असलेलं पॉलिश मात्र टाकीला लावू नका. ब्रिटिशांच्या काळात इथल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की आपोआप तडकायची. कारण घोड्यांच्या मुताचा अमोनिया. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये ते उलगडून दाखवलं: पत्रा दाबून, ओढून आकार देताना पितळेत ताण राहतो, आणि अमोनिया व ओल मिळाली की तिथेच चीर जाते. काडतुसाच्या पितळेत तांबं ७० टक्के, जस्त ३०. स्टोव्हची टाकीही पत्रा ओढूनच केलेली, वर हवेचा दाब आणि आत रॉकेल. चीर कुठे जाईल याचा विचारसुद्धा नको.

निपलचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, तिथे पिनच. तीही हलक्या हाताने, भोक मोठं झालं की ज्योत पिवळी पडते आणि भांडी काळी.

काल पेटवला. पहिले दोन मिनिटं खोकला, मग निळी ज्योत आणि तो ओळखीचा फरफर आवाज. दाब टिकत नाहीये. पंपाचं चामडी वॉशर वाळून कडक झालंय, रात्रभर तेलात घातलंय.