भुसा काय खत असतंय व्हय?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात एका लहान शेतकरी कंपनीकडं मी फिल्डचं काम करतो. लोकांना सांगताना सेंद्रिय शेतीचं मार्गदर्शन म्हणून सांगतो, पण निम्मा दिवस भाषांतरात जातो. रयत संपर्क केंद्रातलं (म्हणजे सरकारी शेती ऑफिसातलं) पत्रक कन्नडात, माती तपासणीचं कार्ड कन्नडात, आणि आमची निम्मी माणसं मराठी शाळेत शिकलेली. एकदा एका जुन्या पत्रकात आकडे पण कन्नड होते, त्यातला एक म्हणजे आपल्या शून्याला तोंड फुटल्यासारखा दिसतो, एकाने 10 ग्रॅमच्या जागी शून्य-शून्य वाचलं आणि बीजप्रक्रियाच केली नाही. मग उरलेल्या दिवसात फ्रूट्स आयडी (शेतकऱ्याचा सरकारी नोंदणी नंबर), पीजीएस गटाचे फॉर्म (शेतकऱ्यांनीच एकमेकांचं रान तपासून सेंद्रिय ठरवायची पद्धत), आणि व्हॉट्सॲपवर आलेले पानांचे फोटो.

हे सगळं त्या फोटोंमुळंच झालं.

फेब्रुवारीत एका आप्पांचा फोटो आला. भात काढून 15 गुंठ्यात उन्हाळी मिरची लावलेली. "सर, मिरची पिवळी पडूलीय, बघा की जरा." फोटो वरून काढलेला, दुपारच्या उन्हात, शेंडे फिकट दिसतायत. मी त्या वेळी बेळगावात बसस्टँडवर उभा. मोबाईलमध्ये अन्नद्रव्य कमतरतेचा मराठी चार्ट कायम असतो, तो बघितला, शेंडा पिवळा म्हणजे लोह, आणि ठोकून दिलं, "फेरस कमी आहे, खत काय घातलंय?" त्यांचं उत्तर, "काय न्हाय ओ, शेणखत आणि जीवामृत, दुसरं काय घातल्यालं न्हाय." जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं जिवाणूंचं पाणी. बरं म्हटलं आणि बस पकडली.

आता इथं एक सांगायला पाहिजे, कारण बाहेरच्यांना हे कळत नाही. आमच्याकडं मराठीत जे काय शेतीचं येतं ते सगळं महाराष्ट्रातून येतं. त्यात सातबारा, त्यात महाडीबीटी, ज्याचा आमच्या माणसाला काडीचा उपयोग नाही कारण जमीन कर्नाटकात आणि उतारा म्हणजे आरटीसी. योजनेचं तरी लगेच कळतं, मातीचं कळत नाही. तो चार्ट बनवणाऱ्याच्या डोक्यात चुनखडीची काळी जमीन असणार, तिथं लोह असून पिकाला मिळत नाही. खानापूरकडची तांबडी आंबट माती, वर एवढा पाऊस, तिथं लोहाची कमतरता सहसा होत नाही, उलट लोह जास्तच. हे मी डिप्लोमाला शिकलोय, पेपरात लिहिलंय सुद्धा. तरी बसस्टँडवर उभं राहून फेरस म्हणालो.

आठ दिवसांत आप्पांनी आणखी चौघांना विचारलं. औषधाच्या दुकानवाल्यानं व्हायरस म्हणून दोन बाटल्या दिल्या (दुकानवाल्यांना पिवळं दिसलं की व्हायरसच दिसतो). व्हिडिओवाल्यानं सांगितलं जीवामृत डबल करा. गटातल्या एकाचं म्हणणं हुमणी, मुळं खाणारी अळी. जावयानं कुठल्यातरी ॲपला फोटो दाखवला, ॲपनं तर तीन रोग काढले. सल्ला मिळत नाही म्हणून लोक ओरडतात ते मला आता पटत नाही, सल्ल्याचा पूर आलाय, बांधावर येणारा माणूस तेवढा मिळत नाही. जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं दोन, एक मत्तिकोप्पला बैलहोंगलच्या बाजूला, दुसरं तुक्कानट्टीला गोकाककडं. दोन्हीकडं जाणती माणसं आहेत, पण आमच्या जंगलाकडच्या गावातून एसटीनं जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला, आणि वर कन्नड बोलायचं टेन्शन.

शेवटी माझ्या ओळखीचे धारवाडकडचे एक रिटायर सर दुसऱ्या कामाला आले होते, त्यांना गाडीवर बसवून नेलं. सर कन्नड बोलणारे, आप्पांना बाजारापुरतं येतंय. मी मधी.

सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "याव गोब्बर हाकीरी?" मी मराठीत केलं, "खत कुठलं घातलंय?" आप्पा म्हणाले, "तुमाला सांगितलंय की मागंच, काय न्हाय." मी परत कन्नडात केलं. सर काय बोलले नाहीत, चप्पल काढून सरीत उतरले. मला वाटलं देवळात आल्यासारखं काय करतायत. मग मला म्हणाले, तू पण काढ. पाय टेकवला आणि माती दबली, गादीसारखी. लाल माती उन्हाळ्यात अशी कधी लागत नाही.

सरांनी बसून आधी मिरचीची खालची पानं दाखवली. खालची पानं पूर्ण पिवळी, शिरांसकट. लोह कमी असलं की नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, नत्र म्हणजे नायट्रोजन कमी असलं की झाड जुन्या पानातलं काढून शेंड्याला देतं, म्हणून खालून सुरुवात. फोटोत खालची पानं नव्हतीच. मी मागितली पण नव्हती. मग त्यांनी खुरप्यानं वीतभर उकरलं, आणि आत लाकडाचा भुसा, बारीक, तांबूस, त्यावर पांढरी जाळी पसरलेली. वास घेतला तर पावसाळ्यात आळंबी उगवतात तिथला वास.

"हे काय आप्पा?"

"भुसा की. सॉमिलचा. दोन ट्रॉली आणून रोटर मारला."

"मग सांगितला का नाही?"

"तुमी खत विचारलासा. भुसा काय खत असतंय व्हय?"

मी हे सरांना सांगितलं तर ते एवढे हसले की डोळ्यातून पाणी आलं. मला तेव्हा हसू आलं नाही. दोनदा विचारलं, माणसानं दोन्ही वेळेला खरं सांगितलं.

व्हिडिओत म्हणे लाकडाच्या भुशानं कार्बन वाढतो. वाढतो की. पण तो वर अंथरायचा, आच्छादन म्हणून, मातीत कालवायचा नाही. मातीतल्या जिवाणूंना खायला कर्ब (म्हणजे कार्बनच) आणि नत्र साधारण 25 ला 1 असं लागतं, लाकडाच्या भुशात ते काहीशे ला 1. एवढं कर्ब समोर आल्यावर त्यांची संख्या वाढते आणि नत्र ते मातीतून ओढतात, मिरचीच्या तोंडातला घास काढून. पुढं कुजून झाल्यावर ते परत मिळतं, पण मिरची तोपर्यंत थांबणार नाही. जीवामृत डबल केल्यावर तर उलट जिवाणूंचीच चंगळ. दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं आहे हे, दोन मिनिटांच्या व्हिडिओत मावलं असतं.

सर म्हणाले युरिया टाकला तर आठ दिवसात हिरवं, त्यात 46 टक्के नत्र आहे. आप्पांचा गट पीजीएसमध्ये, युरिया टाकला तर रासायनिकवरून सेंद्रियवर यायच्या काळाची मोजणी परत पहिल्यापासून. मग ठरलं शेंगपेंड भिजवून सरीत द्यायची, तिच्यात साधारण 7 टक्के नत्र असतं, शेणखतात अर्धा टक्का. आणि गोमूत्र दहापट पाण्यात मिसळून बुडख्याला. जाता जाता सरांनी पश्चिमेकडच्या तीन सऱ्यांना काहीच द्यायचं नाही म्हणून सांगितलं, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल. मी तिथं काठ्या रोवल्या, लाल चिंध्या बांधल्या. अशी कामं करायला मला आवडतं, पगारात धरत नाहीत.

वीस दिवसांनी गेलो. मिरची हिरवी. पहिला बहर गेला होता पण झाडं सावरली होती. मी सरळ पश्चिमेकडं गेलो. चिंध्या होत्या तशाच, आणि तीन सऱ्या पण हिरव्यागार.

काठी धरून उभा राहिलो. एवढ्या दिवसात भुसा कुजून नत्र सुटत नाही. काकू गवत काढत होत्या, त्यांना विचारलं, ह्या सऱ्यांना काय दिलंय काय? त्या म्हणाल्या, "तेवढ्याच पोरांना उपाशी ठेवून बाकीच्यांना वाढायचं व्हय? मीच घातलं गोमूत्र." आप्पा बांधावर पाठ करून उभे होते. गोठ्याच्या कोपऱ्यात युरियाचं रिकामं पोतं होतं, आत सुकी पानं भरलेली, पण युरियाची पोती आमच्याकडं प्रत्येक घरात असतात, भात भरायला, दारात पाय पुसायला, माझ्या घरी पण आहेत.

घरी येऊन हिशोब केला. दोन गायी, दिवसाला धरा आठ-दहा लिटर गोळा होतं, वीस दिवस. पुरतं. घट्ट धरलं तर पुरत पण नाही. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले पानाचा फोटो पाठव, मी म्हटलं फोटो नको.

येत्या रविवारी गटाची तपासणी आहे, पाच जणांनी एकमेकांचं रान बघून सह्या करायच्या, आणि कागद मी भरायचे. बाहेरून काय आणलं त्या रकान्यात लाकडाचा भुसा दोन ट्रॉली, शेंगपेंड असं लिहून ठेवलंय. आप्पांना अजून एकदा विचारायचंय, पण ह्या खेपेला खत हा शब्द न वापरता कसं विचारायचं ते ठरत नाहीय.