लापुआ: कोसोलाच्या गावी

फिनलंडमध्ये हेलसिंकीहून उत्तरेची गाडी साधारण तीन तासांत सेइनायोकीला पोचते. तिथून लापुआ वीस-पंचवीस किलोमीटर. जलद गाड्या सगळ्याच थांबत नाहीत, तिकीट काढतानाच थांबे पाहून घ्या.

दोन्हीकडे सपाट शेतं, मधून नदी, आणि गावात 1827 सालचं लाकडी चर्च. ते एंगेलनं आखलेलं. हेलसिंकीच्या सिनेट चौकाला रूप देणारा वास्तुरचनाकारही तोच. लापुआ चळवळीचा पुढारी व्हिह्तोरी कोसोला याची गोष्ट लापुआ आणि सिनेट चौक या दोन जागांमध्ये घडली, म्हणून मी दोन्ही पाहायला सांगेन.

कोसोला 1884 चा, शेतकरी. पहिल्या महायुद्धात फिनलंड रशियाच्या ताब्यात होता, तेव्हा रशियाविरुद्ध लढायला जर्मनीला निघालेल्या तरुणांना त्यानं मदत केली, त्यापायी पेत्रोग्राडच्या श्पालेर्नाया तुरुंगात गेला आणि 1917 च्या क्रांतीत सुटला. 1918 च्या यादवीत हा मुलूख ‘पांढऱ्यां’चा, म्हणजे समाजवादी ‘लालां’विरुद्ध लढलेल्या बाजूचा, बालेकिल्ला होता. हे ध्यानात घेतल्याशिवाय नोव्हेंबर 1929 समजत नाही. त्या महिन्यात तरुण कम्युनिस्टांनी इथे मेळावा भरवला आणि गावकऱ्यांनी त्यांचे लाल सदरे फाडले. कम्युनिस्टविरोधी लापुआ चळवळ तिथून सुरू झाली. कोसोला तिचा चेहरा बनला.

पुढची रीत क्रूर होती. मार्च 1930 मध्ये वासा शहरातला कम्युनिस्टांचा छापखाना फोडला. मग माणसांना मोटारीत कोंबून, मारहाण करून सोव्हिएत सरहद्दीकडे नेणं सुरू झालं. याला ‘मुइलुतुस’ असा शब्दच फिनिश भाषेत रुळला, मुइलु या आडनावावरून. काहींचे जीव गेले. तरीही 7 जुलै 1930 ला बारा हजारांहून अधिक शेतकरी सिनेट चौकात उभे राहिले, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्यांचं स्वागत केलं. मला या साऱ्यात सर्वांत जास्त खुपतं ते हे स्वागत.

14 ऑक्टोबरला चळवळीच्या लोकांनी माजी राष्ट्राध्यक्ष स्टोलबर्ग आणि त्यांच्या पत्नीला पळवून पूर्वेकडच्या योएन्सू शहरापर्यंत नेलं, आणि मवाळ पाठीराखे दुरावले. 27 फेब्रुवारी 1932 ला हेलसिंकीच्या उत्तरेकडच्या मॅंत्सॅला गावात सशस्त्र स्वयंसेवकांनी समाजवाद्यांची सभा उधळली. चळवळीचे पुढारी दोन दिवसांनी या बंडात उतरले. पण सैन्य सरकारशी इमानी राहिलं. राष्ट्राध्यक्ष स्विनहुवुदनी 2 मार्चला रेडिओवरून सांगितलं, घरी जा, साध्या माणसांना शिक्षा होणार नाही. चळवळीच्या पाठिंब्यावरच ते पदावर आले होते, म्हणून त्यांचा शब्द लागू पडला. 6 मार्चला बंड संपलं. चळवळीवर बंदी आली तीही तिनेच रेटून आणलेल्या, कम्युनिस्टांविरुद्धच्या कायद्याखाली.

त्याच वर्षी काळा सदरा आणि निळा टाय घालणारा आयकेएल (‘देशभक्त जनचळवळ’) हा पक्ष निघाला, अध्यक्ष कोसोलाच. 1933 मध्ये त्याचे 14 खासदार निवडून आले. 1936 मध्ये मात्र पक्षानं कोसोलाला बाजूला सारलं, आणि त्याच डिसेंबरात तो 52 व्या वर्षी गेला.

मॅंत्सॅला लापुआच्या वाटेवर नाही, ते लाहतीच्या मार्गावर आहे. त्याच्यासाठी हेलसिंकीहून वेगळा दिवस ठेवा.