तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पायलटला काय झालं होतं?

हा प्रश्न मला चहाच्या टपरीवर विचारला गेलाय, राइस मिलवर विचारला गेलाय, एकदा तर तेरवीच्या पंगतीत. "डॉक्टरसाहेब, तो विमानवाला पोट्टा आठ दिवस घरीच होता म्हणे. काय झालं होतं जी त्याले?" आणि लगेच दुसरा: "कंपनीचा फोन आलता ना तुमाले? मंग काय सांगतलं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. दुसऱ्याचं सविस्तर देतो, कारण आमच्या भागात नव्याने दवाखाना टाकलेले डॉक्टरही तोच विचारतात.

माझा दवाखाना गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांना लागून आहे. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ विमानं रोज डोक्यावर घिरट्या घालतात, रोवणीच्या बाया मानही वर करत नाहीत. विमानाचं अप्रूप संपलं, पायलटचं नाही. त्यामुळे आमच्याकडचा एक पोरगा विमान कंपनीत को-पायलट झाला तेव्हा तो साऱ्या गावाचा झाला. रजेवर आलेला असताना आजारी पडला, माझ्याकडे आला. मी तपासलं, सात दिवस विश्रांतीचं सर्टिफिकेट लिहून दिलं. आजार कोणता ते इथेही लिहीत नाही. सोयीसाठी सर्दी समजा. (हे सगळं त्याला आधी वाचून दाखवलंय, आणि त्याच्या बऱ्याच खुणा बदलल्यात. नाहीतर ज्यासाठी इतरांशी भांडतो, तेच मी इथे बसून केलं असतं.)

सर्दी म्हटलं की लोक हसतात. आमच्याकडे सर्दी हा आजारच नाही, नाक पुसून माणूस चिखलात उतरतो. पण विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावी इतकी विरळ ठेवतात, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवरची. उतरताना दाब वाढत जातो. नाक चोंदलेलं असलं तर कानाच्या पडद्यामागे हवा पोचत नाही, पडदा आत ओढला जातो आणि अशी कळ येते की माणूस कान धरून बसतो. प्रवाशाने कान धरला तर चालतं. नेमकं तेव्हा ज्याचे दोन्ही हात कामात असतात, त्याचं काय? बरं, सर्दीच्या साध्या गोळ्यांतल्या बऱ्याच झोप आणणाऱ्या. त्या घेऊन कॉकपिटमध्ये बसता येत नाही. आपली तब्येत उतरली आहे हे कळत असताना वैमानिकाने उडू नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. म्हणजे ज्या सर्दीत मी दिवसाला साठ पेशंट तपासतो, त्याच सर्दीत त्याने घरी बसणं हे त्याचं कर्तव्य ठरतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या विमान कंपनीतून फोन आला. मुलगी मराठीच बोलत होती, अगदी सौम्य.

"डॉक्टर, हे सर्टिफिकेट तुमचंच आहे ना?"

"माझंच. रजिस्टरला नोंद आहे, सहीही माझीच."

"आजार काय होता ते कन्फर्म कराल?"

"नाही."

"प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सअॅप केलंत तरी चालेल."

"तेही नाही."

"सर, आमची पॉलिसी आहे."

"आमचीही आहे, बाई. त्याची लेखी संमती पाठवा, मग बोलू."

आमची पॉलिसी म्हणजे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम. पेशंटचं गुपित फोडायचं नाही. अपवाद मोजके: न्यायाधीशाचा आदेश, कळवणं बंधनकारक असलेला रोग, किंवा एखाद्या ठरावीक माणसाला वा समाजाला खरोखर गंभीर धोका. त्याच नियमांत सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायला सांगितलंय, पेशंटच्या अंगावरची खूण लिहायला सांगितलीय. म्हणजे कागद खरा की खोटा हे तपासायची सोय आहेच. गंमत अशी की त्याच नियमांत दिलेल्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात आजाराचं नाव लिहायला रिकामी जागा सोडलेली आहे. पण तो कागद मी पेशंटच्या हातात देतो. पुढे कुणाला दाखवायचा ही त्याची मुखत्यारी. फोनवरच्या आवाजाला मी परस्पर सांगणं वेगळं.

कंपनीवर मी फार चिडलेलो नाही, खरं सांगतो. आम्ही डॉक्टर काही धुतल्या तांदळासारखे नाही. निवडणूक ड्यूटी लागली की तालुक्यातल्या कर्मचाऱ्यांचे बीपी कसे वाढतात ते मी पाहिलंय. "साहेब, मागच्या सोमवारची तारीख टाकून द्या ना," हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. आणि आजारपणाची रजा हे विमान कंपन्यांत भांडणाचं हत्यारही झालंय. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकदमच 'आजारी' पडले होते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी तेच केलं. मग कंपनी संशय घेणारच.

पण प्रत्येक गर्दी खोटी नसते. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. चार दिवसांनी, १६ जूनला, त्या कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचं कळवलं: ५१ कमांडर, ६१ को-पायलट. हा आकडा राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिला. आता सांगा, ज्याची झोप उडाली, त्याची झोप उडाल्याचं कोणत्या थर्मामीटरवर दिसणार?

राइस मिलवाले शेटजी म्हणतात, "पायलटची गोष्ट वेगळी आहे डॉक्टर. मागं दोनशे माणसं बसली असतात. त्याइले कळायले पायजे." आणि ते जर्मनविंग्स या जर्मन विमान कंपनीचं उदाहरण देतात. बरोबर आहे. २४ मार्च २०१५ ला तिच्या एका को-पायलटने मुद्दाम विमान आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळलं, तो धरून १५० माणसं गेली. डॉक्टरांनी त्याला कामावर जाऊ नको म्हणून लिहून दिलं होतं. त्या चिठ्ठ्या त्याच्या घरी फाडलेल्या सापडल्या. शेटजींना यात डॉक्टरांचं मौन दिसतं, आणि तसा धोका माझ्यासमोर बसला तर मी मौन मोडेन, नियमही तेव्हा मोडू देतो. पण मला त्यात फाडलेला कागदही दिसतो. परवाना जाईल, पगार जाईल, अंगावर कर्ज राहील, या भीतीने तो फाडला गेला. फ्रान्सच्या तपास अहवालातही ही भीती नोंदवलेली आहे. आजारपण कळवलं की चौकशी मागे लागते, हे एकदा वैमानिकांच्या मनात बसलं की पुढचा माणूस कागद फाडणारही नाही. तो डॉक्टरकडे येणारच नाही.

वैमानिकाची तब्येत बघायला वेगळी व्यवस्था आहे. त्याची क्लास वन मेडिकल, म्हणजे परवान्यासाठी लागणारी तपासणी, ठरावीक मुदतीने होते, हृदयाचा आलेख, कान, डोळे सगळं. कंपनीच्या ड्यूटी लावणाऱ्या माणसाला त्यातलं एवढंच हवं: उडू शकतो की नाही. त्याला मूळव्याध आहे, की बायकोचा गर्भपात झाल्यावर तो रात्र रात्र जागतो, हे रोस्टरच्या रकान्यात मावत नाही. मेडिकलमध्ये पास झालेलाही माणूसच असतो. १७ ऑगस्ट २०२३ ला नागपूर विमानतळावर पुण्याला निघालेल्या विमानाचा कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. चाळिशीचा होता. त्या दिवसापासून कुणी पायलट "बरं वाटत नाही" म्हणाला की मी घड्याळ बघत नाही.

खेड्यात गुपित राखणं किती अवघड ते शहरातल्यांना कळायचं नाही. माझ्या तपासणीच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. बाकावरच्या सहा जणांना आतलं सगळं ऐकू येतं. गोळ्यांवरून मेडिकलवाल्याला आजार कळतो, मेडिकलवाल्यावरून ऑटोवाल्याला. त्या पोराला मी दुपारी दीड वाजता बोलावलं होतं, बाक रिकामा झाल्यावर. औषधं गोंदियाहून आणायला सांगितली. तरी गाव विचारतंच.

कंपनीने पुढे फोन केला नाही. तो परत ड्यूटीवर रुजू झाला. अडलं ते दुसरीकडेच. त्याची आई बाजारात भेटली, हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, "मी माय आहो जी त्याची. मले तरी सांगा."

मी म्हटलं, "काकू, त्यालाच विचारा."

दर पोळ्याला त्यांच्या घरून डबा यायचा. यंदा आला नाही.